‘येतो’ म्हटल्याची फी

हणमंत काशीद, म्हणजे घरच्यांचे आप्पा, आयुष्यात कधी ‘जातो’ म्हणाले नाहीत. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी उभी हयात काढली, दिवसभर गाड्या लावल्या आणि सोडल्या, पण भोंग्यावरसुद्धा त्यांच्या तोंडून गाडी ‘सुटेल’ असंच यायचं, ‘जाईल’ कधी आलं नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून मान वळवून त्यांनी बायकोला ‘येतो गं’ म्हणून सांगितलं होतं. घरातलं कुणी चुकून ‘जाते’ म्हणून बाहेर पडलंच, तर त्याला उंबऱ्यावरून माघारी बोलवायचे, घोटभर पाणी पाजायचे, ‘येते’ म्हणायला लावायचे आणि मगच सोडायचे. त्यांची एकुलती एक लेक स्वप्नाली या पाण्यापायी शाळेची घंटा कितीदा तरी चुकली होती.

आता स्वप्नालीने चाळिशी ओलांडली होती, आणि जिला एवढ्या वेळा माघारी बोलवलं ती बाई कोण हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

विस्मरण काही एकदम आलं नाही. आधी चष्मा सापडेना, मग शेजाऱ्यांची नावं, मग बायको वारली आहे हे. एके दिवशी ते स्टँडवरून घरी यायचा रस्ता चुकले आणि नदीकाठी कुणाला तरी सापडले. तेव्हापासून ते विद्यानगरच्या पलीकडे ‘सोबत’ नावाच्या वृद्धनिवासात होते. जागा चांगली होती. अंगणात कडुलिंब होता, त्याखाली खुर्च्या होत्या, आणि मालनताई नावाची सांभाळणारी बाई मायेची होती. स्वप्नाली दर शनिवारी पुण्याहून यायची. आप्पा तिच्याकडे अदबीने बघायचे आणि विचारायचे, कुठली गाडी पाहिजे? पुण्याची, ती म्हणायची. लागंल आता, बसा, असं म्हणून ते फाटकाकडे बघत राहायचे. स्टँडवर आता विजेच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय आपल्या आपण फलाटाला लागतात, कंट्रोलर नावाचा प्राणी उरलेला नाही, पण ते आप्पांना कोण सांगणार.

त्या वर्षी ‘सोबत’ने पुढच्या वर्षाची रक्कम आगाऊ मागितली. आप्पांना आता रात्रंदिवस एक माणूस जवळ लागणार होता, त्याचे पैसे वेगळे. स्वप्नाली पुण्यात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, धायरीला भाड्याने राहत होती. आजवर ती पदरचं घालत आली होती. पण आप्पांच्या निवृत्तीचा पैसा कुठे तरी ठेवलेला होता, हे तिला माहीत होतं. कोर्टाकडून तिने पालकपण मिळवलं आणि खातं उघडून बघितलं. पैसा वाढायचा सोडून निम्म्याच्या खाली आला होता. दर तिमाहीला त्यातून ‘सातत्य-सल्ला शुल्क’ या नावाने लचका तोडला जात होता.

सल्ला? ज्या माणसाला आज कोणता वार आहे ते सांगता येत नाही, तो गुंतवणुकीचा सल्ला कुणाकडून आणि कशाला घेतोय? स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा सत्काराला शाल-नारळाबरोबर ‘निर्धास्त’ नावाच्या कंपनीचा माणूसही आला होता. तुमचा पैसा आमचं यंत्र सांभाळेल, दर तिमाहीला सल्ला देईल, तुम्ही निर्धास्त राहा, असं त्याने सांगितलं आणि आप्पांनी सही केली. अशा कंपन्या तेव्हा गल्लोगल्ली झाल्या होत्या. त्यांची खोड अशी की सल्ला कुणी मागो न मागो, फी कापली जायचीच. लोकांनी ओरड केल्यावर नियम आला की गिऱ्हाइकाने सल्ला खरोखर ऐकला असेल, त्यावर विचार केला असेल, तरच फी घ्यायची. नियम चांगला होता. पण गिऱ्हाइकाला सल्ला ऐकायला वेळ असतो का? फोन केला तर उचलत नाहीत, बोलावलं तर येत नाहीत. मग कंपन्यांनी तोड काढली. त्यांनी गिऱ्हाइकांच्या छाया बनवल्या.

छाया म्हणजे काही भूतखेत नव्हे, आणि माणसाची नक्कलही नव्हे. गिऱ्हाइकाला समोर बसवून यंत्र त्याच्याशी चार-सहा बैठका गप्पा मारायचं. तो काय उत्तर देतो याच्याशी यंत्राला फारसं कर्तव्य नसायचं. कोणत्या प्रश्नाला तो पटकन बोलतो, कुठे आवंढा गिळतो, कुणाचं नाव निघालं की आवाज खाली येतो, तळहाताला घाम कधी सुटतो, हे यंत्र टिपायचं. माणूस निर्णय घेण्याआधी जिथे जिथे थबकतो, तिथे तिथे त्याचा स्वभाव असतो, अशी त्यामागची कल्पना. त्या थबकण्यांचं एक गणिती जाळं विणलं जायचं. गप्पांत निघालेल्या आठवणी, आणि गिऱ्हाईक पुढे कार्यालयात येऊन जे बोलेल तेही, त्यात गुंफलं जायचं. मग तेच प्रश्न माणसाला वेगळे आणि जाळ्याला वेगळे विचारायचे. दोघांची उत्तरं जुळायला लागली की कायद्याच्या लेखी ती छाया त्या माणसाचा कान ठरायची. पुढे सल्लागार यंत्राने सल्ला द्यायचा, छायेने तो ऐकायचा, हो-नाही म्हणायचं. दोघंही एकाच इमारतीतल्या संगणकांत. पापणी लवायच्या आत बैठक संपायची. सल्ला दिला गेला, ऐकला गेला, फी लागू झाली. गिऱ्हाईक तिकडे घरी दुपारची झोप काढत असायचं. कागदोपत्री कुणी कुणाला फसवलेलं नव्हतं.

कोल्हापूर नाक्यावरच्या कार्यालयात बोरगावकर नावाचे गृहस्थ होते. सगळ्या इमारतीत तेवढाच एक जिवंत माणूस. स्वप्नालीने त्यांना फैलावर घेतलं. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण त्यांच्या नोकरीचा तोच भाग होता. मग ते म्हणाले की तुमचे वडील सात वर्षांपूर्वी इथे सेवा बंद करायला आले होते खरे, पण त्यांनी ती बंद केली नाही. असं कसं, तिने विचारलं. बोरगावकरांनी जुनं ध्वनिमुद्रण लावलं.

सात वर्षांपूर्वीचा आप्पांचा आवाज खोलीत आला, खणखणीत, भोंग्यावर बोलून बोलून कमावलेला. मला आता तुमचा सल्ला नको, माझं ठरलंय, असं ते सांगत होते. यंत्राने विचारलं, “म्हणजे सेवा कायमची संपवून आपण जाताय का?” पुढे थोडा वेळ काहीच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, “बरं. येतो.”

“बघा,” बोरगावकर म्हणाले. “शेवटचं वाक्य ग्राह्य धरतात. पुन्हा येण्याचा इरादा त्यांनी स्पष्ट बोलून दाखवला. म्हणून सेवा चालू राहिली.”

स्वप्नालीला हसावं की रडावं ते कळेना. तिने शांतपणे विचारलं, “तुम्ही सकाळी घरातून निघताना काय म्हणता?”

बोरगावकरांनी टेबलावरची टाचणी उगाचच इकडची तिकडे केली. “येतो म्हणतो,” ते म्हणाले. “मला कळतंय हो ताई. यंत्राला नाही कळलं.”

तक्रार करता येईल, पण निकालाला वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितलं. सेवा तेवढी आजही बंद होऊ शकते. त्यासाठी गिऱ्हाइकाची संमती लागते. गिऱ्हाईक भानावर नसेल तर त्याच्या छायेची. अडचण एवढीच की सात वर्षांत यंत्राने दोनदा नेमाप्रमाणे तोच प्रश्न छायेला विचारला होता, आणि दोन्ही वेळा छायेनेही ‘येतो’ असंच उत्तर दिलं होतं. आता पालकाने समोर बसून समजावलं तर बघू. आणखी एक, ते जरा चाचरत म्हणाले. सेवा संपली की छाया पुसावी लागते. जिवंत माणसाच्या मनाची प्रतिमा कुणाकडे ठेवता येत नाही, मुलीकडेसुद्धा नाही.

पुसा की, स्वप्नाली म्हणाली. तिला त्या क्षणी त्या छायेचं काय सोयरसुतक होतं?

कारण आप्पांवर तिचा मनातून राग होता, आणि तो जुना होता. तिचं लग्न मोडलं तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने दुसरा घरोबा केला आणि ती दोन बॅगा घेऊन भाड्याच्या खोलीत आली. तेव्हा एकदाच, मान खाली घालून, तिने आप्पांना विचारलं होतं की एखादा लहानसा फ्लॅट घ्यायला मदत कराल का. आप्पा सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, ‘बघू.’ आता ‘बघू’चा अर्थ मराठी माणसाला शब्दकोशात शोधावा लागत नाही. वर्गणीला ‘बघू’, सोयरिकीला ‘बघू’, उसनवारीला ‘बघू’. म्हणजे नाही, फक्त तोंडावर म्हणायचं नाही, एवढंच. स्वप्नालीने तो शब्द गिळला. पुन्हा विषय काढला नाही, आणि घरी येणंही दिवाळीपुरतं ठेवलं. पुढे आई गेली तेव्हा आली आणि तेराव्यानंतर लगेच निघाली. आप्पा एकटे राहिले आणि एकटेच विसरत गेले. हे सगळं तिच्या मनात डाचत असायचं, पण त्याच्या तळाशी तो ‘बघू’ होता.

बोरगावकरांनी तिला आतल्या खोलीत बसवलं. खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतीत एक जाळी. ते दार ओढून घेऊन बाहेर गेले.

“स्वपू, आलीस व्हय?” जाळीतून आवाज आला. “जेवलीस का?”

तिला कुणी स्वपू म्हणून हाक मारल्याला किती वर्षं झाली होती?  तिने ओढणी तोंडाशी धरली आणि ढसाढसा रडली. जाळी गप्प राहिली. आप्पा असेच गप्प राहायचे कुणी रडत असलं की. मग जाळी हळूच म्हणाली, “रडून घे. मी हाय हितं.”

पैशाच्या सल्ल्यासाठी बनवलेल्या जाळ्यात जेवणाखाण्याची चौकशी कुठून आली, याचं उत्तर बोरगावकरांनी तिला नंतर दिलं. माणूस पैशाचं काय करेल हे कळायला त्याच्या घरात कोण कोण आहे आणि त्यातलं कोण त्याच्या जिवाला लागलंय हे कळावं लागतं, ते म्हणाले. तुमच्या वडिलांच्या बैठकांत घाम सुटला तो प्रत्येक वेळी तुमच्या नावाला.

त्या दिवशी स्वप्नालीने सेवा बंद करायचा विषयही काढला नाही. निघताना सवयीने ‘येते आप्पा’ म्हणाली, आणि जाळीने ‘ये’ म्हटलं.

पुढच्या शनिवारी ती गाडीतून उतरली ती सरळ कोल्हापूर नाक्यावर. त्याच्या पुढच्याही शनिवारी. फी चालू असेपर्यंत पालकाला छायेशी हवं तितकं बोलता येत होतं. त्या जाळीला सगळं आठवत होतं. शाळेच्या सहलीला तिला गाडीत ओकारी झाली ते, आईच्या हातची कटाची आमटी, तिने सायकल शिकताना भाजीवालीच्या पाट्या उधळल्या ते. ती जाळीजवळ खुर्ची ओढून बसायची, डबा उघडायची, एकटीच जेवायची आणि बोलत राहायची. ‘सोबत’मध्ये मग उशिरा पोचायची, अर्धा तास टेकायची. एका शनिवारी तर गेलीच नाही. पुण्याला पोचल्यावर तिला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. तिकडे काय, कुठली गाडी पाहिजे एवढंच विचारतात, असं तिने मनाला सांगितलं. आपले आप्पा इथे आहेत, तिथे नुसतं त्यांचं अंग आहे, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिने तो झटकला नाही.

एकदा बोलता बोलता तिने विचारलं की आप्पा, हे सल्लागार यंत्र तुमच्याशी दर खेपेला बोलतं तरी काय?

“त्ये काय बी बोलतंय. हितलं तिथं ठेवा, तिथलं हितं,” जाळी म्हणाली. “मी मातर एकच इचारतो. पोरीच्या घराला पैसे काढू का. त्ये म्हणतंय, ह्या वयात नका काढू. मी म्हणतो, बरं, पुढच्या खेपेला बघू.”

स्वप्नालीच्या हातातला घास हातात राहिला. “आप्पा, तुम्ही मला ‘बघू’ म्हणाला होता.”

“मग? बघतच हुतो की.”

“बघू म्हणजे नाही, आप्पा.”

“न्हाई कशापायी आसंल? लेकीला न्हाई म्हणायचं आसतं तर न्हाई म्हणालो नसतो व्हय? बघू म्हणालो, आन बघत हुतो. मग एक दिस ठरवलं, ह्या यंतराचं काय बी ऐकायचं न्हाई. सगळं काढून तुला द्यायचं. म्हणून हितं आलो आन सांगितलं, सल्ला नको, माझं ठरलंय. कागदं घरी ऱ्हायली हुती. ती आणाय निघालो, म्हणून येतो म्हणालो.”

माझं ठरलंय. ध्वनिमुद्रणात ऐकलेले ते शब्द तिला आठवले. त्या दिवशी कागद आणायला घरी निघालेला माणूस पुढच्याच महिन्यात घरचा रस्ता विसरला होता. जे यंत्र त्यांच्या ‘येतो’ला अक्षर न् अक्षर धरून बसलं, त्याला ती इतके दिवस शिव्या घालत होती. आणि तिने स्वतः काय केलं होतं? आप्पांनी अक्षर न् अक्षर खरा उच्चारलेला ‘बघू’ तिने सगळ्यांच्या ‘बघू’सारखा मोजला होता. यंत्र चुकलं ते मराठी कमी येत होतं म्हणून, आणि ती चुकली ती मराठी फार येत होतं म्हणून. तिने डबा तसाच बंद केला. त्या दिवशी ती ‘सोबत’मध्ये गेली नाही, कारण तिथे जाऊन ज्यांची माफी मागायची त्यांना ती काय सांगणार होती?

दोन दिवसांनी मालनताईंचा फोन आला. आगाऊ रकमेची मुदत संपत आली होती, ती भरली नाही तर आप्पांना दुसरीकडे हलवावं लागेल, हे त्यांनी संकोचाने सांगितलं. स्वप्नाली म्हणाली, बघते. आणि स्वतःच्याच शब्दाने दचकली.

फोन ठेवता ठेवता मालनताई म्हणाल्या, “आणि ताई, शनिवारी येत चला. त्यांना वार कळत नाही म्हणतो आपण, पण शनिवारी सकाळपासून ते फाटकाशी खुर्ची मागतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसतात, पुण्याची गाडी लागली का. परवा अंधार पडेस्तोवर आत आले नाहीत. कुणाची वाट बघताय विचारलं तर म्हणाले, ते काय आठवत न्हाई बघा.”

स्वप्नाली लॅबच्या जिन्यात बसून राहिली. काचेच्या पट्ट्या तपासायला ठेवलेल्या होत्या, कुणीतरी हाका मारत होतं, पण तिला उठवेना. सेवा बंद करून, फी थांबवून जे उरेल त्यात आप्पा कडुलिंबाखाली राहू शकत होते. फी चालू ठेवली तर जाळी राहणार होती, आणि आप्पांना कुठे तरी लांबच्या, खोल्या-खोल्यांच्या सरकारी जागेत न्यावं लागणार होतं. दोन्ही ठेवायला तिच्याकडे पैसा नव्हता. तिने पुण्यातल्या ओळखीच्यांकडे शब्द टाकून बघितला. सगळे म्हणाले, बघू.

शनिवारी ती जाळीसमोर बसली तेव्हा तिने डबा आणला नव्हता. तिने सगळं सांगून टाकलं. तुम्ही खरे विद्यानगरला आहात, तुम्हाला काही आठवत नाही, मला ओळखत नाही, आणि इथे तुमच्याशी बोलायचे पैसे तिथल्या तुमच्या तोंडचा घास काढून जातात. 

 जाळीने विचारलं, “त्यो एकटाच बसतोय व्हय?”

“शनिवारी फाटकाशी बसतात.”

“मग तू हितं काय करतीयास?”

“ते मला ओळखत नाहीत, आप्पा. तुम्ही ओळखता.”

“मी वळखतो म्हणून तू हितं बसायचं, आन त्यानं तिथं वाट बघायची. ह्ये काय बरं न्हाई, स्वपू. त्यो माझ्यापरीस जास्त मीच हाय. मला नुसतं ठावं हाय. वाट त्यो बघतोय.”

स्वप्नालीने भिंतीवरची कळ दाबली आणि बोरगावकर आत आले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता यंत्राला खूण केली. यंत्राने नेहमीच्या सपाट आवाजात विचारलं, “सेवा कायमची संपवून आपण जाताय का?”

जाळी थबकली. ते थबकणं स्वप्नालीला तोंडपाठ होतं. ध्वनिमुद्रणात खुर्ची सरकली होती तेवढ्याच वेळाचं, उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या येईपर्यंतचं. आता ‘येतो’ येणार, आणि आलं तर किती बरं होईल, असं तिला वाटलं. तिला त्या वाटण्याची लाज वाटली नाही.

“जल्मात म्हणालो न्हाई,” जाळी म्हणाली. “तुझ्यासाठी म्हणतो. पुन्हा म्हणायला लावू नगंस.” मग आवाज खाली आला. “जातो.”

जाळीतली बारीक खरखर थांबली. ती इतके दिवस चालू होती हे थांबल्यावरच कळलं.  बोरगावकरांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी एका पेल्यात ओतून तिच्यापुढे ठेवलं, पण ती तो पेला न उचलताच उठली.

विद्यानगरपर्यंत ती चालत गेली. वाटेत एकदा ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि मनसोक्त रडली. एक सायकलवाला थांबून काय झालं विचारू लागला, त्याला काही नाही म्हणाली.

आप्पा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. अंगात स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, कंट्रोलर असताना असायचं तसं. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला. तिला बघून ते अदबीने जरा सरळ झाले.

“कुठली गाडी?”

“पुण्याची.”

“लागंल आता. बसा.”

ती बसली. तिने संत्रं सोललं, एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी बिया बाजूला काढून ठेवत ती खाल्ली. आप्पा, तुम्ही बघत होता, मला कळलंच नाही, असं ती म्हणाली. ते मान हलवत राहिले. मग ती तुटक तुटक सगळं बोलली, फ्लॅटचं, ‘बघू’चं, दिवाळीपुरतं येण्याचं. ते मध्येच रस्त्याकडे बघायचे, मध्येच तिच्याकडे. त्यांच्यापर्यंत त्यातलं काय पोचलं, कोण जाणे. ऊन कलायला लागलं तशी मालनताईंनी आतून खूण केली, गाडीची वेळ झाली म्हणून.

स्वप्नाली उठली. सकाळपासून तो एकच शब्द तिच्या कानात होता, आणि तोच तोंडून गेला.

“जाते, आप्पा.”

दोन पावलं टाकल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

“ओ बाई,” मागून आवाज आला. “माघारी या.”

ती वळली. आप्पांच्या कपाळाला आठी पडली होती. त्यांनी स्टुलावरचा पेला उचलला होता आणि तो तिच्यापुढे धरला होता. निम्मं पाणी त्यांच्याच शर्टावर सांडलं.

“घोटभर पाणी प्या,” ते म्हणाले. “आन येते म्हणा. जाते म्हणू नगा.”

स्वप्नालीने दोन्ही हातांनी पेला धरला आणि होतं तेवढं पाणी प्यायली. “येते,” ती म्हणाली.

“हां. या.” त्यांनी समाधानाने मान डोलावली. मग तिच्याकडे निरखून बघत विचारलं, “तुम्ही कुणाकडं आला हुता?”

“तुमच्याकडंच,” ती म्हणाली, आणि परत त्यांच्याशेजारी बसली. पुण्याची गाडी त्या दिवशी तिच्याशिवाय सुटली.